माणसं मोजून गाव वाचत नाही

इटलीतल्या पोर्तोफिनो गावाच्या प्रशासनाने २०२३ मध्ये बंदराजवळच्या काही जागा आखून दिल्या आणि तिथे फोटोसाठी रेंगाळणाऱ्यांना २७५ युरोंपर्यंत दंड जाहीर केला. पुढच्याच वर्षी व्हेनिसने ठरावीक दिवशी दिवसभरासाठी येणाऱ्यांवर पाच युरोंचा प्रवेशकर बसवला. इटलीच्या किनाऱ्यावरच्या जुन्या कोळीगावांविषयीची चर्चा आता एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते : माणसं किती आत सोडायची? गर्दीचा जाच खराच आहे. पण माणसं मोजली की गावाचा प्रश्न सुटला, ही समजूत उथळ आहे.

पर्यटन आलं की भरभराट आपोआप होते, या मताला उत्तर द्यायचीही गरज नाही. जुनं ते सगळं संपलं, असं म्हणत उसासे टाकणाऱ्यांनाही बाजूला ठेवू. मोजणाऱ्यांचं मत मात्र समंजस दिसतं, म्हणूनच ते खोडायला हवं. गाव म्हणजे सौंदर्याचा साठा, आणि येणारा प्रत्येक जण तो थोडा झिजवतो, हे त्या मताचं गृहीतक. मग झीज कमी करायला माणसं कमी करायची. पण याच मोजपट्टीने पोर्तोफिनो जिथे आहे त्या लिगुरियाच्या किनाऱ्यावर नोव्हेंबरात हिंडून पाहा. गल्ल्या मोकळ्या असतात आणि समुद्राकडच्या कितीतरी खिडक्या बंद, कारण ती घरं मिलान-तोरिनोच्या लोकांची उन्हाळ्यापुरती घरं आहेत. मोजणाऱ्यांच्या हिशेबात हे आदर्श गाव ठरायला हवं. ते जिवंत आहे असं कोण म्हणेल?

त्यांचा सर्वांत जोरकस मुद्दा असा, की गर्दीमुळे घरभाडी चढतात आणि स्थानिक माणूस बाहेर फेकला जातो. हे मला मान्य आहे. पण गर्दी ओसरली म्हणून ते घर मासेमाराकडे परत येत नाही. ते अधिक पैसेवाल्याकडे, अधिक शांततेसाठी जातं. शिवाय तिकीट लावल्याने गावाचं वस्तुसंग्रहालय झाल्यावर शिक्कामोर्तब होतं. ज्या रोगावर म्हणून हे औषध आणलं, त्याच रोगाला ते बळ देतं.

गाव कशाने जगतं, ते पाहायला पोर्तोफिनोच्याच डोंगराळ भूशिराच्या पलीकडच्या अंगाला जावं. तिथे कामोली आहे. तिथल्या उंच, रंगीत घरांकडे नीट पाहिलं तर काही झडपा, काही कंगोरे नुसते रंगवलेले आहेत; भिंत सपाट आहे. खारं वारं तो रंग टिकू देत नाही, म्हणून तो पुन्हा पुन्हा काढावा लागतो. असं पुन्हा पुन्हा करण्याचा त्याहून बोलका दाखला जवळच्या पुंता क्याप्पा या टोकाच्या बाजूला पाण्यात आहे. ‘तोन्नारेल्ला’ हे ट्यूनासारख्या मासळीसाठी एका जागी नांगरून ठेवलेलं जाळं. किनाऱ्यालगत येणारा मासा आडव्या जाळ्याला अडतो, वाट शोधत खोल पाण्याकडे वळतो आणि बंदिस्त कप्प्यात शिरतो. मग होडीतली माणसं तो कप्पा हातांनी ओढून वर घेतात. ही पद्धत काही शतकं जुनी आहे. जाळं मात्र जुनं नसतं. त्याचा मोठा भाग नारळाच्या काथ्याचा, कोकणातल्या कुणीही बोटांनी ओळखावा असा. ते दरवर्षी हाताने विणलं जातं, वसंतात समुद्रात उतरतं आणि हंगाम संपला की कापून पाण्यातच सोडलं जातं. काथ्या तिथेच कुजतो. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्या गाठीपासून सुरुवात. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, १९५२ पासून चालत आलेल्या मासळीच्या जत्रेला कामोलीत तोबा गर्दी लोटते, तेव्हाही जाळं पाण्यातच असतं. गर्दी त्याला मारत नाही. विणणारे हात संपले तर मात्र ते एका हिवाळ्यात संपेल.

त्याच किनाऱ्यावरच्या चिंक्वे तेर्रेच्या गावांमध्ये हेच उलट्या बाजूने दिसलं. या गावांना आपण कोळीगावं म्हणतो खरं, पण डोंगरउतारांवर चुन्याशिवाय रचलेल्या दगडी बांधांवर पिकणारी द्राक्षं हा त्यांचा मोठा आधार होता. १९९७ मध्ये या प्रदेशाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. तरी शेती सुटत गेली, बांध ढासळत राहिले. २५ ऑक्टोबर २०११ च्या अतिवृष्टीत डोंगरावरचा चिखल-दगड त्यांपैकीच एका, वेर्नात्सा गावाच्या मुख्य रस्त्यावर उतरला. पाऊस असाधारण होता, हे खरं. पण पडीक बांधांनी त्याचं काम सोपं केलं. वारशाची पाटी बांध रचत नाही.

म्हणून जपलेलं आणि दरवर्षी नव्याने केलेलं, हा भेद मला निर्णायक वाटतो. जपलेल्या वस्तूला पहारेकरी पुरतो; नव्याने करायच्या गोष्टीला ती करता येणारी माणसं लागतात, त्यांना गावात परवडणारं घर लागतं आणि शिकायला तयार असलेली पुढची पिढी लागते. सार्वजनिक पैसा कुठे जावा, हे यावरूनच ठरायला हवं : आधी विणणाऱ्याच्या आणि बांध रचणाऱ्याच्या मजुरीत, मग दर्शनी भिंतींवर. जाणाऱ्यानेही गाव किती जुनं आहे हे विचारण्याआधी यंदा इथे काय नव्याने केलं गेलं, हे विचारावं. ज्या गावाकडे याचं उत्तर नाही, तिथे दाराशी कितीही माणसं मोजली तरी राखण रिकाम्या घराचीच होते.