क्षुराची धार आणि आजोबांची धोकटी

॥ राम कृष्ण हरी ॥

आजचे वाचन : कठोपनिषद, अध्याय पहिला, वल्ली तिसरी, मंत्र १४

मंडळी, परवा आपण याच वल्लीतलं रथाचं रूपक पाहिलं. शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन म्हणजे लगाम आणि इंद्रियं घोडे. आजचा मंत्र त्याच्या थोडा पुढचा आहे आणि तो बहुतेकांना अर्धाच ठाऊक असतो. कुणाला उठण्या-जागण्याचा सुरुवातीचा भाग माहीत असतो, कुणाला वस्तऱ्याच्या धारेसारख्या अवघड वाटेचा शेवटचा. यांच्या मधोमध यमधर्म आणखी एक गोष्ट सांगतो : जाणत्यांकडे जा आणि त्यांच्याकडून समजून घे. हा मधला तुकडा आपण गाळतो. मीही गाळत होतो.

एक छोटी दुरुस्ती आधी. या मंत्रावरच्या दोन प्रवचनांत मी ‘तलवारीची धार’ असं ऐकलं आहे. मंत्रात तलवार नाही. शब्द आहे क्षुर, म्हणजे वस्तरा. आपला ‘क्षौर’ शब्द त्याच्यावरूनच आला. ऋषींनी रणांगणातलं हत्यार घेतलं नाही, रोजच्या वापरातलं घेतलं.

आणि ही गोष्ट मला कुणी सांगावी लागायला नको होती, कारण माझे आजोबा सातारा जिल्ह्यातल्या एका गावात न्हावी होते. बलुत्यावर अख्ख्या गावाची हजामत करायचे. सुगीला धान्य मिळायचं. ज्यांची श्मश्रू करायची, त्यांच्या ओट्यावर बसायचं. आत जायचं नाही. हे मी या ब्लॉगवर आज पहिल्यांदा लिहितोय. इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलवर कुणी विचारलं, गावाकडे काय असतं तुमचं, तर मी ‘शेती’ म्हणायचो. आमची गुंठाभरही जमीन नव्हती.

अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, अठराव्या वर्षी गाव सोडलं, पिंपरीला कंपनीत लागले आणि धंद्याचं नाव पुन्हा काढलं नाही. मागच्या दिवाळीत गावचं घर आवरताना माळ्यावर आजोबांची धोकटी सापडली. वस्तरा, चामोटी, निसणा, पितळी वाटी, तुरटीचा खडा, काच तडकलेला आरसा. अण्णा म्हणाले, “ठेव तिथंच.” मी गुपचूप पुण्याला आणली.

का आणली? खरं सांगायचं तर तेव्हा त्यात भक्ती वगैरे काही नव्हती. ऑफिसातल्या एका मित्राने परदेशातून महागडा वस्तरा मागवला होता आणि त्यावर तो तासभर बोलायचा. मला वाटलं, अरे, आपल्याकडे तर अस्सल आहे! तोच वस्तरा गावात लाजेचा आणि ऑफिसात मिरवायचा. पण ते असो.

सलूनमध्ये आता वस्तऱ्याच्या आकाराच्या पकडीत अर्धं ब्लेड घालतात आणि गिऱ्हाईकागणिक बदलतात. धारेची काळजी कुणाला घ्यावीच लागत नाही. जुन्या अखंड पोलादी वस्तऱ्याचं तसं नाही. त्याला रोज चामोटीवर फिरवावं लागतं, अधूनमधून निसण्यावर घासावं लागतं, वापर झाला की पुसून कोरडा ठेवावा लागतो, नाहीतर गंज धरतो. मी व्हिडिओ पाहिले, टिपणं काढली. पातं कातडीशी साधारण तीस अंशात. दुसऱ्या हाताने कातडी ताणायची. आधी केसांच्या दिशेने. धारेच्या रेषेत आडवा कधीच सरकवायचा नाही, नाहीतर सुरीने काकडी चिरावी तसा गाल चिरतो.

सगळं पाठ होतं. तरी बाथरूमची कडी लावून केलेल्या पहिल्या चार दाढ्यांत सात जखमा झाल्या. वस्तरा ओढायचा, केस उपटल्यासारखे व्हायचे, मग मी जोर लावायचो आणि जोर लावला की रक्त. पाचव्या वेळी जबड्याखाली चांगलंच कापलं. तुरटी शोधायला कडी काढून बाहेर आलो तर समोर अण्णा.

त्यांनी जखमेकडे पाहिलंच नाही. हातातल्या वस्तऱ्याकडे पाहिलं, मग खुंटीला टांगलेल्या चामोटीकडे. तिच्यावर माझे दोन-तीन चरे पडले होते. एवढंच म्हणाले, “उलटा ओढतोयस.” आणि खोलीत निघून गेले.

चूक एका वाक्यात कळली. निसण्यावर धार पुढे ठेवून घासतात. चामोटीवर नेमकं उलटं : पाठ पुढे, धार मागे, आणि टोकाला पोचलं की पाठीवरूनच पालटायचा. मी चामोटीवरही धार पुढे करून चालवत होतो. म्हणजे रोज सकाळी मोठ्या निष्ठेने वस्तरा बोथट करत होतो आणि बोथट वस्तऱ्याने चेहरा खरवडत होतो. कोन बरोबर, साबण बरोबर, नेम बरोबर, आणि मुळातच दिशा चुकलेली.

आपल्या साधनेचं असं होतं का हो? माझं झालं आहे. वर्षभर मी पहाटे उठून हरिपाठ करायचो आणि घरात कुणी आवाज केला की खेकसायचो. नेम चुकत नव्हता. आणि मी दिवसेंदिवस जास्त बोथट होत होतो.

इथे एक इंजिनिअरी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. माणसाचा केस पोलादापेक्षा जवळजवळ पन्नासपट मऊ. मग पातं बोथट का व्हावं? २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी ‘सायन्स’ नियतकालिकात याचं उत्तर दिलं. पोलाद आतून सगळीकडे सारखं नसतं. केस तिरका वाकला आणि धारेवरच्या कमकुवत जागी नेमका आला, की तिथे टवका उडतो. म्हणजे धार जायला दगडच लागतो असं नाही. मऊ गोष्ट, रोज, तिरकी येऊन भिडली की पुरे. मी ‘शेती’ म्हणायचो, तो शब्दही फार मऊ होता.

सेना महाराजांची कथा आपल्या सगळ्यांना माहीत आहे. महाराज पूजेत, राजाचं बोलावणं आलेलं, उशीर झालेला. तेव्हा विठ्ठल स्वतः सेनाचं रूप घेऊन राजवाड्यात गेला, राजाची हजामत केली, आणि राजाला तेलाच्या वाटीत चतुर्भुज रूप दिसलं. लहानपणापासून मी ही कथा चमत्कार म्हणून ऐकली. आता ऐकताना मी एकाच जागी अडकतो : देव निघाला तेव्हा त्याने धोकटी काखेत मारली असणार. तीच जी अण्णांनी माळ्यावर टाकली आणि मी कडी लावून उघडली.

मात्र या वस्तऱ्याला मी भाबडेपणाने देव्हाऱ्यात ठेवणार नाही. याच हत्याराने आपल्याकडे विधवांचं केशवपन झालं. आणि १८९० साली मुंबईतल्या नाभिकांनीच हे काम आम्ही करणार नाही असं ठरवलं, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे त्यांच्या पाठीशी होते. हातात धारदार वस्तरा आणि तरी हात आवरलेला. मंत्रातली अवघड वाट म्हणतात ती मला तिथे दिसते.

तर मधल्या तुकड्याकडे येऊ. जाणत्याकडे जायचं. माझा जाणता शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसला होता. त्याला विचारण्यात अडचण शिकण्याची नव्हतीच. विचारलं की मान्य करावं लागणार होतं की हे आपलं आहे, आणि मी ते लपवलं आहे. मला आठ दिवस लागले. रविवारी चहा झाल्यावर म्हणालो, “अण्णा, हॉस्टेलवर मी आपली शेती आहे म्हणून सांगायचो.”

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मी पण कंपनीत तेच सांगितलं की रं.”

त्यांनी उठून चामोटी मागितली. खिडकीच्या गजाला एक टोक बांधलं, दुसरं ताणून धरलं आणि वस्तरा फिरवला. पन्नास वर्षांनी. सपक्‌, सपक्‌, दोन्हीकडे सारखा आवाज. आई स्वयंपाकघरातून बघायला आली. आजोबांनी त्यांना मडक्याला साबण फासून शिकवलं होतं, मडक्यावर ओरखडा उठला की पाठीत धपाटा. मला मडकं मिळालं नाही, फुगा मिळाला. तीन फुटले. चौथा टिकला तेव्हा ते म्हणाले, “दाबू नगंस. त्याचं वजन त्याला पुरतं. तुझा हात फक्त सोबतीला.”

काल सकाळी त्यांनी खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून बसले. मी पितळी वाटीत पाणी घेतलं. शाळेत जायला लागल्यापासून त्यांच्या चेहऱ्याला मी हात लावला नव्हता. डावा गाल झाला, उजवा झाला. हनुवटीखाली आलो आणि हात थांबला.

“काय झालं?” म्हणाले.

“गळा आहे अण्णा.”

त्यांनी डोळे मिटले आणि मान मागे टाकली.

उद्याचे वाचन : मंत्र १५.

॥ राम कृष्ण हरी ॥