मायबाप आणि अब्बा

मित्रांनो, 'बाप' हा शब्द आपल्या तोंडात सरळ येत नाही. आपल्या आजा-पणजानं वाड्यापासून लांब उभं राहून जोहार केला तो मायबाप म्हणूनच. पाटील मायबाप, सरकार मायबाप, पुढं गिरणीचा मालकही मायबाप. जो लाथ मारतो त्यालाच बाप म्हणायचं, म्हणजे भाकर तरी पडंल. म्हणून कुणी सांगायला लागलं की आभाळात एक बाप आहे आणि त्याचं तुझ्यावर प्रेम आहे, की माझं डोकं सणकतं. एक मायबाप खांद्यावरनं उतरवायला पिढ्या गेल्या, आता हा आणखी एक?

तरी लिहितोय, त्याला कारण आमच्या खात्यातला मामा.

मामा सूतगिरणीत रिंग फ्रेमवर. मूळचा नगरकडचा. १८३१ साली अमेरिकन मिशन अहमदनगरला आलं, त्यानंतर तिकडच्या महार-मांग वस्त्यांतली पुष्कळ माणसं ख्रिस्ती झाली, मामाचे आजे त्यांतलेच. म्हणजे रक्तानं आमचाच. (केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत आम्ही बौद्ध १९९० साली आलो. मामा अजून बाहेरच आहे. धर्म बदलला म्हणून गावानं त्याची जात विसरली, असं काही झालं नाही.)

गेल्या पावसाळ्यात तिसऱ्या पाळीला एका बदली पोराचं बोट गिअरमध्ये गेलं. चूक पोराची, असं साहेबानं लिहून काढलं आणि साक्षीदार म्हणून आमच्या सह्या मागितल्या. आम्ही घोषणा देणारे सगळे गप. मीही. मामा पुढं झाला. "गिअरवरची जाळी आठ दिवस न्हवती. मी सही करणार न्हाई." आवाज चढवला नाही, हातही जोडले नाहीत. त्याला पुढचे आठ दिवस कामावर घेतलं नाही. नंतर मी विचारलं, मामा, भीती वाटली नाही? म्हणाला, "वाटली की. पर मी कुणाचा हाय ते ह्या साहेबानं ठरवायचंय व्हय?"

हे वाक्य मला झोपू देईना. त्याच्याकडनंच पवित्र शास्त्र मागून आणलं. पौलानं रोमच्या मंडळीला पहिल्या शतकात पत्र लिहिलं, त्याच्या आठव्या अध्यायात ही गोष्ट आहे. तुमचं भिणं गुलामाचं होतं, ते संपलं, आता तुम्ही दत्तक लेकरं आहात, म्हणून देवाला अब्बा म्हणता, असा त्याचा मुद्दा. अब्बा हा अरामी शब्द, बापाला हाक मारायचा. आता रोमचा कायदा बघा. गुलामाला कायद्यानं बापच नव्हता. त्याचं लेकरूही मालकाचं. आणि दत्तक पुत्राला मात्र सख्ख्यासारखा वारसा. ज्याला कागदावर बाप नाही अशा माणसाच्या कानावर हे पडलं तेव्हा त्याला काय झालं असेल? मायबाप म्हणताना मान खाली जाते. ह्या हाकेला ती वर येते. साहेबापुढं मामाची मान तशीच होती. बापाची जागा त्याच्याकडं रिकामी नव्हती, साहेबाला बसवणार कुठं?

लूकच्या पंधराव्या अध्यायात उधळ्या पोराची गोष्ट आहे. सगळे धाकट्यावर बोलतात. मला थोरला टोचला. तो बापाशी हिशोब मांडतो, आणि मूळ ग्रीकमध्ये आपल्या राबण्याला गुलामीचंच क्रियापद वापरतो. घरातला लेक, आणि आतून गुलाम. मित्रांनो, हा तर आपल्यातलाच. मी किती मोर्चे केले, किती रात्री भिंती रंगवल्या, आणि कालचा पोरगा मंचावर! शाळेत लायकी सिद्ध करा, गिरणीत करा, आता आपल्याच माणसांतही करा. मामाला ती घाई नाही. कुणीतरी आधीच होकार दिलाय, अशा धिमेपणानं तो बॉबिन बदलतो. मला हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू.

पण मला तो बाप नको. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' (१९५७) मध्ये बाबासाहेबांनी बुद्धाला मार्गदाता म्हटलं, मोक्षदाता नाही. वाट आहे, चालायचं आपल्या पायानं. तरीही बाबासाहेबांना आपण बापच म्हणतो ना? गाण्यात म्हणतो, भांडणात म्हणतो. तो बाप १९५६ साली गेला. तो प्रार्थना ऐकत नाही. संविधान आणि धम्म देऊन गेला, आणि आपण कुणाचे हे सांगून गेला. मग मामाला हसायचं कुठल्या तोंडानं? आणि बाप गेलेला असूनही आपली मान वर आहे, तर त्या रात्री सहीच्या वेळी माझी कुठं गेली होती?

एक गोष्ट मात्र मी मामाला विचारलीच. चहाला बसलो होतो. म्हटलं, पोरगा परत आल्यावर बाप नोकरांना सांगतो, झगा आणा, वासरू कापा. लेकराला मिठी, आणि नोकर नोकरच. आपलं माणूस त्या घरात असलं तर कुठं असेल, सांगा.

मामा लई वेळ गप. "वासरू कापायलाच," म्हणाला. मग कपातला उरलेला चहा ओतून दिला. "पाळकाला इचारतो. पर त्यो कापणारा त्याचं लेकरू नसंल, तर मला बी तितं जायाचं न्हाई."