काळे तेल

सातारा जिल्ह्यात कोयनेच्या शिवसागर जलाशयात, तापोळा-बामणोली परिसरात, डिझेलच्या लाँच चालतात. काजळी व धातूचा कीस स्वतःत सामावून इंजिनातील तेल काळे पडते. म्हणून ठरावीक तासांनी, इंजिन कोमट असतानाच, ते काढून नवे भरावे लागते. पण काढलेले तेल डब्यात भरून काठावर न्यावे, की अंधारात पाण्यात सोडावे? पाहणारा तर कोणीच नसतो.

धरणातून नदीत सुटलेले पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि पुढे सांगलीकरांच्या घागरीत येते. ज्याचे तोंडही आपण कधी पाहणार नाही, तो आपला शेजारी काय? आम्हांस वाटते, होय. प्रवाहाच्या वरच्या अंगास राहणारा खालच्यांशी बांधलेला असतो. ते नाते पाळण्यास मोठा त्याग लागत नाही. घट्ट झाकणाचा एक डबा पुरतो.