घरची गोष्ट आणि मुलाचा प्रश्न

माणूस पुढे कोण होतो हे त्याच्या घरावर किती अवलंबून असते, या प्रश्नाला भारतीय धर्मविचारात दोन जुनी उत्तरे आहेत. पहिले कर्मवादाचे. जीव मागच्या जन्मांचे संस्कार बरोबर घेऊन येतो आणि त्यांना साजेसे घर त्याला मिळते. योगभ्रष्ट माणूस सदाचारी श्रीमंतांच्या किंवा ज्ञानी योग्यांच्या कुळात जन्म घेतो, असे गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे ते याच अर्थाने. इथे घर हे माणूस घडण्याचे कारण नाही, आधी जे घडून गेले त्याचे फळ आहे. दुसरे उत्तर वेदांपासून धर्मशास्त्रापर्यंत आलेले. तैत्तिरीय संहितेनुसार ब्राह्मण जन्मतो तोच तीन ऋणे घेऊन: ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. ब्रह्मचर्य, यज्ञ आणि संतती यांनी ती फेडायची. मुलाची पाटी कधी कोरी नसतेच, असा याचा अर्थ.

दोन्ही उत्तरांत मूल गप्प आहे. त्याला जे मिळायचे ते मिळते आणि जे फेडायचे ते तो फेडतो. गंमत अशी की याच परंपरेत लोकांच्या मनात घर करून राहिलेल्या कथा मात्र बोलणाऱ्या मुलांच्या आहेत. कठोपनिषदातला नचिकेता म्हाताऱ्या, दूध आटलेल्या गाई दान देणाऱ्या बापाला विचारतो, मला कोणाला देणार? एकदा नाही, तीनदा. चिडलेला बाप म्हणतो, मृत्यूला. आणि तिथूनच उपनिषद सुरू होते. घरची गोष्ट माणसाला घडवते यात शंका नाही. पण ती कशी घडवते, हे त्या गोष्टीच्या मजकुरापेक्षा तिला उलट प्रश्न विचारता येतो की नाही यावर जास्त ठरते, असे या कथा एकत्र वाचल्यावर दिसते.

घराची स्मृती सांभाळण्याची व्यवस्था इकडे चांगली बांधेसूद होती. श्राद्धात बाप, आजा आणि पणजा अशा तीन पिढ्यांचा नावानिशी उच्चार होतो, अनुक्रमे वसू, रुद्र आणि आदित्य या रूपांत. त्र्यंबकेश्वर, नाशिकसारख्या क्षेत्रांत तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमान घराण्यांच्या नोंदी असतात. कोण आले, कोणाचा मुलगा, कोणत्या गावचा, कोणाच्या अस्थी घेऊन आला. कोल्हापूर, सांगली, सोलापूर या भागांत बैल घेऊन गावोगाव फिरणारे हेळवी कुळांच्या वंशावळी वाचून दाखवत. कुळ मूळ कुठले, कोणत्या गावाहून का उठले, कुलदैवत कोणते, हे ऐकायला सगळे घर ओसरीवर जमत असे. या वह्यांत नावे बहुतेक पुरुषांचीच. लेकी लग्न होऊन गेल्या की वहीतूनही जात. आजही पितृपंधरवड्यात गुरुजींनी पणजोबांचे नाव विचारले की यजमान थबकतो आणि फोन जातो तो एखाद्या ऐंशीच्या घरातल्या आत्याला. ज्या कुळाच्या वहीत तिचे नाव नाही, त्या कुळाची नावे तिलाच तोंडपाठ असतात. गोत्र आठवत नसेल तर शास्त्राने सोय ठेवली आहे: काश्यप म्हणावे.

सत्यकामाला ती सोय वापरता आली असती. छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात तो आई जबालेला विचारतो, मला गुरूकडे राहायचे आहे, माझे गोत्र कोणते? ती सांगते, तरुणपणी मी खूप ठिकाणी वावरले, सेवा करत होते, त्या काळात तू झालास. तुझे गोत्र मला माहीत नाही. माझे नाव जबाला, तुझे सत्यकाम, तेव्हा सत्यकाम जाबाल असेच सांग. मुलगा हारिद्रुमत गौतमाकडे जाऊन हे जसेच्या तसे सांगतो. गौतम म्हणतो की असे खरे बोलणे ब्राह्मणावाचून कोणाला जमणार नाही, समिधा घेऊन ये. मग तो त्याच्या हवाली चारशे रोडक्या गाई करतो आणि त्यांच्या हजार झाल्याशिवाय परतायचे नाही असे मुलगा ठरवतो. त्याला ब्रह्मविद्या शिकवतात ते बैल, अग्नी, हंस आणि एक पाणपक्षी.

जबालेने मुलाला कुळ दिले नाही, पण कुळाबद्दलचे खरे दिले. मुलाने तेच भांडवल धरले आणि त्यावर तो उभा राहिला. ही गोष्ट पुढच्या पिढ्यांना इतकी पचली नाही, की शंकराचार्यांनी भाष्यात तिला वेगळा अर्थ दिला: जबाला पतीच्या घरी अतिथींच्या सेवेत गुंतलेली असे, म्हणून गोत्र विचारायचे राहून गेले आणि मग पती वारला. ब्रह्मसूत्रांत तर शूद्राला वेदविद्येचा अधिकार नाही हे ठरवताना याच कथेचा दाखला आला आहे. गौतमाने आधी सत्यकाम शूद्र नाही याची खात्री करून घेतली आणि मगच उपनयन केले, असा त्याचा रोख. दार उघडणारी गोष्ट दाराला कडी घालायला वापरली गेली. खुद्द सत्यकामाचाही एक किस्सा आहे. गुरू झाल्यावर त्याने उपकोसल या शिष्याला बारा वर्षे अग्नी राखायला लावले आणि काही शिकवले नाही. बायकोने मध्यस्थी केली तरी तो निघून गेला. शेवटी उपकोसलाला अग्नींनीच शिकवले. गुरूला जसे मिळाले तसेच त्याने नकळत पुढे दिले. हे घरांत रोज घडते.

जन्माच्या कुळाऐवजी दुसरे कुळ सांगता येते, ही कल्पना बौद्ध परंपरेने सर्वांत स्पष्ट मांडली. बुद्ध कपिलवस्तूला परतल्यावर दारोदार भिक्षा मागतात तेव्हा वडील शुद्धोदन दुखावतो: आपल्या वंशात कोणी भीक मागितली नाही. बुद्ध उत्तर देतात की तो राजाचा वंश, माझा वंश बुद्धांचा आणि त्यांनी भिक्षेवरच गुजराण केली. पण गोष्ट इथे थांबली असती तर फार सोपी झाली असती. आईने पाठवलेला लहानगा राहुल बापामागे वारसा मागत चालू लागतो आणि त्याला वारसा म्हणून प्रव्रज्या मिळते. शुद्धोदन मग येऊन सांगतो की मुलगा गेला तेव्हा दुःख झाले, दुसरा मुलगा नंद गेला तेव्हा झाले, आता नातू गेला. ही माया हाडापर्यंत कापत जाते. यापुढे आईबापांच्या परवानगीवाचून मुलाला संघात घेऊ नका. बुद्धांनी तसा नियम केला आणि तो विनयपिटकात आहे. घर सोडणाऱ्याच्या धर्मातला एक नियम घरात मागे राहिलेल्या म्हाताऱ्याने घालून घेतला.

महाराष्ट्रात हाच पेच आळंदीच्या चार भावंडांपुढे आला. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला, गुरूच्या आज्ञेवरून ते परत गृहस्थ झाले आणि संन्याशाची मुले म्हणून निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान व मुक्ता वाळीत पडली. आईवडिलांनी प्रायश्चित्त म्हणून देह ठेवला, असे परंपरा सांगते. हा वृत्तान्त आपल्याला मुख्यतः नामदेवांच्या नावावरील आदी, तीर्थावळी आणि समाधी या प्रकरणांतून माहीत आहे. शके 1212 मध्ये नेवासे येथे ज्ञानेश्वरी पुरी करताना ज्ञानदेव जी परंपरा सांगतात ती आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी आणि निवृत्ती अशी गुरूंची आहे. समाजाने ज्या वंशावळीवर बोट ठेवले ती बाजूला ठेवून त्यांनी दुसरी पुढे केली. मात्र दोन्ही वंशावळींत एक माणूस सामाईक आहे: थोरला भाऊ तोच गुरू. घर मोडले तरी भावंडांचे नाते मोडले नाही आणि त्या नात्यातूनच नवे कुळ उभे राहिले. मुक्ताबाईंच्या ताटीच्या अभंगांत रागावून दार लावून बसलेल्या ज्ञानदेवांना बहीण समजावते. या घरात उपदेश थोरल्याकडून धाकट्याकडे जातो आणि धाकटीकडून वरही येतो.

चोखामेळ्याच्या घराकडे मात्र अधिक बारकाईने पाहायला हवे. घरची गोष्ट एकच असून तिच्यातून किती वेगळी माणसे निघू शकतात, हे तिथे दिसते. चोखोबा, त्यांची पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, तिचा नवरा बंका आणि चोखोबांचा मुलगा कर्ममेळा, या पाचही जणांचे अभंग आहेत. गोष्टही सगळ्यांची तीच: महाराच्या घरी जन्म, विठ्ठलावर जीव आणि देवळाचे दार बंद. चोखोबांच्या नावावरील एका अभंगात या जन्माचे कारण पूर्वजन्मात शोधले आहे. आधीच्या जन्मी कृष्णाची निंदा घडली, म्हणून हा जन्म आला. घरातल्या कर्त्या माणसाने कर्मवादाची गोष्ट स्वतःला लावून घेतली. सोयराबाई तिथेच थांबत नाहीत. विटाळ देहातच असतो आणि सगळे देह विटाळातूनच जन्मतात, तर मग शुद्ध कोण, असा त्यांचा सवाल आहे. त्यांनी पूर्वजन्माचा फाटा वगळून युक्तिवाद थेट बाळंतिणीच्या खोलीतून आणला. विटाळाचा तो अनुभव घरातल्या बाईचा, पुरुषाचा नाही, हे लक्षात घेतले पाहिजे.

कर्ममेळ्याच्या जन्माची गोष्ट वारकऱ्यांत सांगितली जाते. सोयराबाईंचे दिवस भरले असताना चोखोबा बहिणीकडे मेहूणपुरीला निघून गेले. घरात कोणी नाही. तेव्हा विठ्ठल नणंदेच्या रूपाने, म्हणजे निर्मळा होऊन आला आणि त्याने बाळंतपण केले. आपल्या जन्माच्या वेळी प्रत्यक्ष देव सुईण झाला होता, असे ऐकत वाढलेला मुलगा कृतज्ञ भक्त होईल, असे कोणालाही वाटेल. कर्ममेळा भक्त झाला, पण देवाशी भांडणारा. आम्हाला हीन कुळी का घातलेस, उष्टे खाऊन जगणे का दिलेस, तुला लाज कशी नाही, असे तो विठ्ठलाला विचारतो. बापाने पत्करलेले पूर्वजन्माचे कारण त्याने पत्करलेले दिसत नाही. तरीही हे बंड बापाविरुद्ध नाही. देवाशी घरच्या माणसासारखे बोलायचे, हे तो बापाकडून आणि आईकडूनच शिकला. ज्या घरात देव नणंद होऊन येतो त्या घरात देवाला जाब विचारता येतो. भक्तीच्या गोष्टीनेच त्याला तक्रारीचा हक्क दिला.

1338 च्या सुमारास मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा वारले आणि त्यांची समाधी पंढरपूरला देवळाबाहेर, महाद्वारासमोर झाली. पुढे 1948 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या उगमावरचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला. चोखोबांचा मार्ग त्यांनी घेतला नव्हता. तरी वारसा मानणे आणि वाट वेगळी धरणे त्यांना एकाच वेळी जमले.

ते कसे जमले याचा धागा त्यांच्या घरात सापडतो. वडील रामजी सुभेदार कबीरपंथी होते. घरात भजन, प्रार्थना आणि रोजचे रामायण-महाभारताचे वाचन होते. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’साठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आठवण सांगितली आहे की ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा सांगणारे हे ग्रंथ आपल्याला का वाचायला लावता, असे त्यांनी वडिलांना विचारले. वडिलांचे उत्तर विचारपूर्वक होते: आपण अस्पृश्य, तुमच्या मनात न्यूनगंड येऊ नये म्हणून. द्रोण आणि कर्ण लहान घरचे असून केवढे झाले, वाल्मीकी कोळी असून रामायणाचा कर्ता झाला. म्हणजे रामजींनी त्या ग्रंथातून आपल्या घराच्या उपयोगाची गोष्ट वेचून काढली होती. मुलाला ते उत्तर पुरले नाही. भीष्म, द्रोण, कृष्ण आणि राम यांच्या वागण्यावर त्याने आक्षेप घेतले. वडील गप्प राहिले. मुलगा बंड करतो आहे हे त्यांना कळत होते, पण त्यांनी ना त्याला दटावले, ना वाचन थांबवले. शाळकरी वयातच कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी आपले बुद्धचरित्र या मुलाला भेट दिले आणि दुसरी गोष्ट हाती आली. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी बौद्ध धम्म स्वीकारला त्याची कारणे राजकीय आणि सामाजिक खूप आहेत. त्यांत रामजींच्या गप्प राहण्यालाही जागा द्यावी लागेल.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञांत ॲलेस्डेर मॅकिंटायरने 1981 च्या ‘आफ्टर व्हर्च्यू’मध्ये असे मांडले की मी काय करावे याचे उत्तर मी कोणत्या गोष्टींचा भाग आहे हे कळल्यावरच देता येते, कारण प्रत्येक जण कोणाचा तरी मुलगा, भाचा, गावकरी म्हणूनच जगायला लागतो. त्या वारशाविरुद्ध बंड करायलाही तो वारसा लागतो, हे त्यालाही मान्य होते. गेलन स्ट्रॉसनने 2004 मध्ये याला विरोध केला: अनेक माणसे आयुष्याकडे सलग गोष्ट म्हणून पाहतच नाहीत आणि त्यांचे काही बिघडत नाही. स्ट्रॉसनचा मुद्दा खरा आहे, पण तो अर्ध्या वाटेवर थांबतो. स्वतःची गोष्ट न सांगणाऱ्या माणसाचीही गोष्ट लोक सांगतातच. आळंदीच्या भावंडांना आपण संन्याशाची पोरे आहोत असे कधी वाटले की नाही, याने गावाला काही फरक पडत नव्हता.

अमेरिकेत एमरी विद्यापीठाचे मार्शल ड्यूक आणि रॉबिन फायव्हश यांनी मुलांना घराण्याविषयी वीस प्रश्न विचारून पाहिले: आजी-आजोबा कसे भेटले, तुझ्या जन्माच्या वेळी काय झाले, अशा प्रकारचे. ज्यांना जास्त उत्तरे येत होती त्या मुलांचा आत्मविश्वास जास्त आढळला. मात्र उत्तरे पाठ करून घेतल्याने असे होणार नाही, जेवताखाता गोष्टी सांगण्या-विचारण्याची रीत महत्त्वाची, असे या संशोधकांनीच बजावले.

त्या रीतीत आईच्या बाजूची गोष्ट आपल्याकडे फार काळ तोंडीच राहिली. कागदावर बापाचे नाव, बापाचे आडनाव. महाराष्ट्र सरकारने 1 मे 2024 पासून जन्मणाऱ्या मुलांसाठी शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम बंधनकारक केला. लग्न झालेल्या बाईच्या नावाची मात्र पूर्वीचीच पद्धत चालू ठेवली आहे: तिचे नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव.