रिकाम्या दुकानाचा धनी

माझी आई दिवाळीत एक पणती जास्त लावीत असे. आमच्या शेजारचे घर वर्षानुवर्षे बंद होते. घरमालक कायमचे इंदूरला राहायला गेले होते. आमच्या ओट्यावर पणत्या मांडून झाल्या की आई त्यांतली एक उचलून त्या बंद दारापुढे ठेवून येई. लहानपणी मी एकदा तिला विचारले, "तिथे तर कोणीच राहत नाही. मग दिवा कशाला?" ती म्हणाली, "आपल्या आळीत एका दारी अंधार नको." तिचे हे उत्तर मला त्या वेळी उत्तरच वाटले नव्हते. ते कळायला मला वयाची चाळिशी उलटावी लागली आणि सात समुद्रांपलीकडे जावे लागले.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी प्रथमच अमेरिकेला जाऊन आलो. माझी धाकटी बहीण ओहायो राज्यात, क्लीव्हलंडच्या एका उपनगरात राहते. मॅट्रिक झाल्यावर चित्रकलेची पदविका घेऊन मी शाळामास्तर झालो, हौसेने चार कादंबऱ्या लिहिल्या. पण विमानात पाऊल कधी टाकले नव्हते. बहिणीने आणि मेहुण्यांनी मला हौसेने नायगारा दाखवला, आणि तो खरोखरच पाहण्यासारखा आहे हे मी प्रथमच कबूल करतो. पण परत आल्यापासून माझ्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो नायगारा नव्हे. बहिणीच्या घरापासून दहा मिनिटांवर असलेली दुकानांची एक लांबलचक, बैठी, सपाट छपराची रांग मला पुन्हा पुन्हा दिसते.

तिकडे अशा रांगेला 'स्ट्रिप मॉल' म्हणतात. आपल्याकडे एस. टी. स्टँडसमोर नगरपालिकेचे गाळे असतात ना, तसलाच हा प्रकार. फक्त सगळे मोठ्या मापाचे, आणि पुढे मोटारी उभ्या करण्यासाठी डांबरी मैदान. आमच्या शाळेचे क्रीडांगण त्यात तीनदा मावले असते. त्या रांगेत मी चौदा गाळे मोजले. चालू होते पाच. एकात कपडे धुण्याची यंत्रे, एकात नखे रंगवून देणाऱ्या मुली, एकात चिनी खाणे, एकात आयकराचे कागद भरून देणारा कारकून आणि एकात एका गुजराती गृहस्थांचे किराणा दुकान. बाकीच्यांच्या काचांवर 'भाड्याने देणे आहे' अशा पाट्या होत्या, आणि त्या पाट्यांचाही रंग उडाला होता. टोकाचा सर्वांत मोठा गाळा पूर्वी वाणसामानाच्या एका बड्या कंपनीचा होता. तिने जाताना आपल्या नावाची अक्षरे काढून नेली होती. पण अक्षरांच्या आडची भिंत ऊनपावसापासून वाचलेली. त्यामुळे मळलेल्या भिंतीवर ते नाव उजळ आकारांत अजून वाचता येत होते. डांबराच्या भेगांतून गुडघाभर गवत आले होते. एक म्हातारी बाई त्या मैदानातून पिशव्या सांभाळीत बसच्या थांब्याकडे चालली होती. बहीण म्हणाली, "दादा, या बाई आधी इथेच चालत येऊन भाजी न्यायच्या. आता दोन बसगाड्या बदलाव्या लागतात त्यांना."

हे सगळे असे का झाले, हे मी मेहुण्यांना विचारले. ते हिशेबनीस आहेत, आणि हिशेबनिसाला असा प्रश्न विचारला की तो आनंदाने तपशिलात शिरतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लोक शहराबाहेर घरे बांधून राहू लागले. १९५६ साली आयझेनहॉवर यांच्या कारकिर्दीत सुमारे ४१,००० मैलांच्या महामार्गांचा कायदा झाला. त्याआधी १९५४ साली करांचा कायदा बदलला होता, आणि नव्या इमारतीची झीज पहिल्या काही वर्षांतच भराभर दाखवून कर वाचवण्याची सोय झाली होती. जुनी इमारत डागडुजी करून वापरण्यापेक्षा गावाबाहेर नवी बांधणे त्यामुळे फायद्याचे ठरले. शेतांतून दुकानांच्या रांगा उगवल्या. मग त्यांच्याही पलीकडे आणखी नव्या रांगा झाल्या, आणि पहिल्या रांगा जुन्या पडल्या. त्यांतच घरबसल्या खरेदी आली. क्लीव्हलंडच्याच कुशीत नॉर्थ रँडल नावाचे एक चिमुकले गाव आहे. तिथे १९७६ साली जगातल्या सर्वांत मोठ्या मॉलांपैकी एक उघडला. गावाला त्याचा एवढा अभिमान की गावाच्या मुद्रेवर खरेदीच्या पिशव्यांचे चित्र आले! तो मॉल २००९ साली बंद पडला, पुढे पाडला गेला, आणि २०१८ पासून त्या जागेवर ॲमेझॉनचे गोदाम चालू आहे. मुद्रेवरच्या पिशव्या ज्या दुकानांच्या होत्या ती मात्र एकही उरली नाहीत.

या कहाणीत मला सर्वांत चटका लावून गेला तो व्हिक्टर ग्रुएन हा वास्तुरचनाकार. मूळचा व्हिएन्नाचा, १९३८ साली नाझींच्या धाकाने देश सोडून अमेरिकेला आला. १९५६ साली मिनियापोलिसजवळच्या इडायना गावी त्याने साउथडेल हा छताखालचा मॉल उभा केला. त्याच्या मनात नुसती दुकाने नव्हती. घरे, शाळा, दवाखाने, बागा यांच्या मधोमध माणसांनी एकमेकांना भेटावे असा चौक त्याला हवा होता. लोकांनी त्यातली दुकाने आणि वाहनतळ तेवढे उचलले आणि चौक टाकून दिला. म्हातारपणी त्याने, ही माझी संतती नव्हे, असे जाहीरपणे सांगितले. मौज अशी की तो मायदेशी परतला तेव्हा त्याच्या व्हिएन्नाच्या दक्षिणेलाही तसलेच एक प्रचंड दुकानसंकुल उभे राहिले.

असो. इतिहास झाला. पण माझ्या शंकेचे मूळ इतिहासात नव्हते. मी मेहुण्यांना विचारले, "नऊ गाळे रिकामे आहेत. मग मालक भाडे कमी करून कोणाला तरी का देत नाही?"

ते हसले. "मास्तर, भाडे कमी केले की इमारतीची किंमत कमी होते. इमारतीवर कर्ज आहे. ते कर्ज भाड्याच्या आकड्यावर मिळालेले. भाडे उतरवले तर बँक विचारायला येईल. त्यापेक्षा गाळा रिकामा ठेवून जुना आकडा कागदावर राखणे पुष्कळदा सोयीचे पडते." मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि मी थक्क झालो. कित्येकदा मोठी कंपनी आपले दुकान बंद करते, पण कराराची मुदत संपेपर्यंत भाडे भरीत राहते. कशासाठी? तर प्रतिस्पर्धी तिथे येऊ नये म्हणून! जागा विकली तरी, येथे पुन्हा वाणसामानाचे दुकान काढू नये, अशी अट खरेदीखतात घालून ठेवते. मिशिगन राज्यात तर काही कंपन्यांनी याच्याही पुढची मजल मारली. आमचे चालू दुकानही रिकाम्या दुकानाच्या भावाने धरा आणि कर कमी करा, असे त्यांचे म्हणणे. आणि ज्या रिकाम्या दुकानांचा भाव दाखवायचा, त्यांचा भाव अशाच अटींमुळे पडलेला! एस्कनाबा नावाचे एक गाव याविरुद्ध भांडले आणि २०१६ साली तिथल्या अपील न्यायालयाने कर कमी करण्याचा निर्णय फिरवून, या अटींचा विचार करा, असे बजावले. त्या करातूनच गावाच्या शाळा, वाचनालये आणि आगीचे बंब चालतात, हे सांगायला नकोच.

त्या रात्री जेवताना आमचा वाद जुंपला. मेहुणे म्हणाले, "तुमच्या घरात एक खुर्ची रिकामी आहे. तिच्यावर कोणाला बसवायचे हे गावाने ठरवावे का? जागा त्याची, कर्ज त्याचे, तोटाही त्याचाच. मग कुलूप त्याचे का नको?"

युक्तिवाद बिनतोड होता आणि मी निरुत्तर झालो. पण झोप काही लागेना. अंथरुणात पडल्या पडल्या मला वाटू लागले की खुर्ची आणि दुकान यांत फरक आहे. माझी खुर्ची मी माझ्या घरात रिकामी ठेवली तर शेजाऱ्याच्या खुर्चीचा पाय मोडत नाही. दुकानाचे तसे नाही. दुकानाला किंमत येते ती रस्त्यामुळे, आणि रस्ता सर्वांच्या पैशाने झालेला असतो. ती येते शेजारच्या दुकानांमुळे आणि तिथून जाणाऱ्या पावलांमुळे. टोकाचे मोठे दुकान मिटले तेव्हा नखे रंगवणाऱ्या मुलींचे आणि त्या गुजराती गृहस्थांचे गिऱ्हाईक अर्ध्यावर आले. तिकडच्या कित्येक करारांत, मोठे दुकान गेले तर आम्ही भाडे कमी देऊ किंवा निघून जाऊ, असे कलमच असते म्हणे. म्हणजे एका दाराचा अंधार दुसऱ्या दारी पडतो हे तिथले वकीलही जाणतात. तोटा एकट्या मालकाचा असता तर कुलूपही एकट्याचे असते.

पण सत्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सकाळी बहिणीच्या दारात तीन खोकी येऊन पडली होती: एकात साबण, एकात मुलाच्या वह्या, एकात हिंग. हे तिन्ही जिन्नस दहा मिनिटांवर मिळत होते. ज्या दुकानात आपण जात नाही ते चालले पाहिजे, असा आग्रह धरण्यात थोडी लबाडी आहे. मालक गिऱ्हाइकांना पकडून आणू शकत नाही. शिवाय सगळीकडेच अशी अवकळा आहे असेही नाही. महामारीनंतर चांगल्या वस्तीतल्या पुष्कळ रांगांना पुन्हा मागणी आली. दुखणे उरले आहे ते जुन्या, गरीब उपनगरांत. आणि न्यू जर्सीतला ओक ट्री रोड आपल्याच लोकांनी उजळला. तिथली व्यापारपेठ मंदावली होती. १९८०च्या दशकापासून भारतीय दुकानदार एकेक गाळा घेत गेले, आणि आज तिथे साडीपासून समोशापर्यंत सर्व काही मिळते. रिकामे दुकान हा नेहमीच शेवट नसतो. कोणाच्या तरी संसाराची ती सुरुवातही होऊ शकते. अट एकच, कोणीतरी किल्ली दिली पाहिजे.

तेव्हा मला वाटते, दुकान रिकामे राहणे आणि दुकान रिकामे ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आपत्ती आहे. तिच्याबद्दल मालकाची कीव करावी. दुसरी कृती आहे. तिच्याबद्दल त्याला जाब विचारावा. शेतजमिनीच्या बाबतीत आपण हा फरक केव्हाच ओळखला आहे. 'कसेल त्याची जमीन' या तत्त्वावर मुंबई राज्यात १९४८ साली कायदा झाला. गांधीजी धनिकाला विश्वस्त म्हणत, आणि १९५१ साली विनोबांनी तेलंगणातल्या पोचमपल्लीला भूदान मागितले तेही याच भावनेने. सॅन फ्रान्सिस्को शहराने आपल्या परीने हेच केले. तिथल्या मतदारांनी मार्च २०२० मध्ये, वर्षात १८२ दिवसांहून अधिक काळ रिकाम्या ठेवलेल्या दुकानांवर कर बसवला, आणि २०२२ पासून तो लागू झाला. पण कर पैशाला चिमटा घेतो, मनाला नाही. मालक जर दूरच्या राज्यातली कंपनी असेल आणि तिचे भागीदार हजारो असतील, तर कोणाच्या मनाला हात घालायचा? त्या गुजराती गृहस्थांनी आपल्या मालकाला कधी पाहिलेही नव्हते.

आणि इथे, वाचकहो, माझ्या वादाचा सूर एकदम खाली आला. कारण मालकाला पाहिले नाही ही तक्रार ज्याच्याबद्दल करता येणार नाही असा एक मालक मला ठाऊक होता. तो रोज सकाळी आरशात भेटतो.

आमच्या तालुक्याच्या पेठेत वडिलांचे कापडाचे दुकान आहे. ते गेल्यापासून नऊ वर्षे त्याच्या फळ्या लावलेल्याच आहेत. माझीच एक जुनी विद्यार्थिनी, शिवणाची दोन यंत्रे असलेली, दोनदा ते मागायला आली. दोन्ही वेळा मी म्हणालो, "विचार करून सांगतो." विचार काय केला, तर भाडेकरू एकदा बसला की उठत नाही, शिवाय रस्ता रुंद होणार आहे, भाव चढेल, तोवर अडकवून कशाला घ्या! शेजारचा चहावाला एकदा मला म्हणाला होता, "मास्तर, तुमच्या दुकानापुढं दिवेलागणीला अंधार असतो, म्हणून गिऱ्हाईक या टोकाला फिरकत नाही." मी ते हसण्यावारी नेले होते. ओहायोतल्या त्या कंपनीवर संतापताना मला माझा चहावाला आठवला नाही, याची आज लाज वाटते. तिचे नऊ गाळे आणि माझे एक दुकान, एवढाच काय तो फरक. ते दुकान रिकामे राहिले नव्हते. मी ते रिकामे ठेवले होते.

गणपती उठल्यावर मी फळ्या काढल्या. अकरा महिन्यांचा करार झाला. भाडे मी मनात धरले होते त्याच्या निम्मे आहे. भीती गेली आहे असे मात्र नाही; अकरा महिन्यांनी ती मुलगी जागा सोडील की नाही, भाव चढल्यावर माझे मन स्थिर राहील की नाही, हे आज सांगता येत नाही. नीतीचे धडे फळ्यावर लिहिणे सोपे, फळ्या काढणे कठीण.

मेहुण्यांना फोनवर ही हकीकत सांगितली, तर म्हणाले, "हिशेबाने तुम्ही चुकलात." असेल. हिशेबात ते माझ्याहून हुशार आहेतच. पण या दिवाळीत त्या दुकानापुढे दिवा लावायला मला जावे लागणार नाही. ती मुलगीच तो लावील.

तरीही पेठेतून घरी येताना खिशात एक पणती असावी, असा बेत आहे. आमच्या ओळीत पुढे आणखी दोन दुकाने बंद आहेत.