गोव्याची प्रार्थना आणि औरंगाबादची फौज

मराठ्यांच्या फोंडा किल्ल्याचा वेढा फसून हात हलवीत परतलेला पोर्तुगीज विजरई कोंद द आल्व्होर अद्याप सावरलाही नव्हता, तोच २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री संभाजी महाराजांच्या निवडक लोकांनी ओहोटी साधून गोवा शहरालगतचे जुव्याचे बेट घेतले. दुसऱ्या दिवशी ते सोडविण्यास विजरई जातीने गेला आणि दंडावर जखम घेऊन, जीव वाचवून, कसाबसा होडीने परत आला. तेव्हा त्याने बॉम जेझूस मंदिरातील सेंट फ्रान्सिस झेवियर यांची शवपेटी उघडवून, निधनास १३१ वर्षे लोटलेल्या त्या संताच्या हाती आपला राजदंड ठेवला व गोवा राखण्याची याचना केली.

गोवा राहिला. औरंगजेबाचा पुत्र शाहजादा शाहआलम मोगल फौजेसह रामघाट उतरून येत असल्याने महाराजांना माघार घ्यावी लागली. भाविकांनी श्रेय संतास दिले. परंतु ती फौज सप्टेंबरातच, आज छत्रपती संभाजीनगर म्हणविणाऱ्या औरंगाबादेहून, कूच करून निघाली होती, म्हणजे याचना ओठांवर येण्याच्या दोन महिने आधीच तिचे फळ वाटेस लागले होते. यावर थॉमस अॅक्वायनसच्या अनुयायांपाशी उत्तर तयार आहे: प्रार्थनेने ईश्वराचा संकल्प पालटत नाही, प्रार्थनाही त्या संकल्पातच आधीपासून गोवलेली असते. उत्तर तर्कशुद्ध आहे. आपले नियतिवादीही त्यास मान डोलावतील.

मला मात्र ते पुरे पडत नाही, कारण हिशेब विजरईपाशी संपत नाही. शाहआलमला गोव्याचा पुळका नव्हता. संधी मिळती तर तेच शहर गिळंकृत करण्याचा त्याचा मनसुबा होता. पुढे रसद तुटून, दुष्काळाने व रोगराईने त्याच्या लष्कराची धूळधाण झाली. त्या छावणीतही नमाज पढला जात होता, आणि घाटात उपाशी मेलेल्या शिपायाने अन्नच मागितले असेल. एकाची सुटका ही कृपा म्हणावयाची आणि त्या सुटकेचे साधन झालेल्यांचा मृत्यू निव्वळ लष्करी अव्यवस्थेच्या सदरी घालावयाचा, ही वाटणी ईश्वरशास्त्राची नव्हे, दरबारी कारकुनाची आहे.

याचनेपेक्षा राजदंड खाली ठेवणे मला अधिक मोलाचे वाटते. फक्त ते फोंड्यावर चाल करून जाण्यापूर्वी घडावयास हवे होते. पराभवानंतर सत्ता देवाच्या हवाली करणारास आपण शरणागत म्हणतो खरे, पण कृष्णार्पण म्हणून उदक सोडणारा बदल्यात राजधानी मागत नाही. पुढे नव्या गव्हर्नराने संताच्या हातूनच राजदंड घेण्याचा रिवाज गोव्यात रूढ झाला.