गाळणे, सांडपाणी आणि हिंसेचा दोष

अहिंसा हा आपल्या आचारधर्माचा पाया आहे, आणि पाणी वस्त्राने गाळून घेणे हे त्या अहिंसेचे अगदी नित्य हातून घडणारे रूप होय. प्रस्तुत लेखक पोरवयात आश्रमात आला तेव्हा शास्त्राचे पान उघडण्यापूर्वी त्याच्या हाती गाळणे आले. आमचे गुरुवर्य पाणी गाळून झाले की गाळण्यात उरलेले पोहऱ्यात उतरवून त्याच विहिरीत अलगद सोडावयास लावीत. जीव पाण्यातून काढून उन्हात वाळत घातले तर गाळण्याने काय साधले, असे ते विचारीत. त्या वेळी हा प्रश्न केवळ गाळण्यापुरता आहे असे वाटे.

2014 च्या चैत्रात वऱ्हाडातील एका आश्रमात माझा मुक्काम होता. यात्रा पांगून चार दिवस होतात न होतात तोच भिक्षुक, तपस्विनी आणि मागे राहिलेले वासनिक यांना जुलाब-उलट्या लागल्या. डॉक्टर आले, सलाइनच्या बाटल्या लागल्या, आणि दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टी. सी. एल. पावडर घेऊन विहिरीवर आला. आमच्यातील एका वृद्ध बाबांनी त्याला हात जोडून थांबविले. "आम्ही पाणी गाळतो ते त्यातले जीव वाचावे म्हणून. आणि तू साऱ्या विहिरीतले जीव एका बादलीत मारायला निघालास!" तो तरुण गांगरला, पण म्हणाला, "मग बाबा, माणसं मरू द्यायची का?" यावर बाबांना उत्तर सुचले नाही. मलाही सुचले नाही, आणि मी तर शास्त्र शिकविणारा!

या प्रश्नाचा विचार करण्यापूर्वी गाळण्याची थोरवी आणि मर्यादा दोन्ही नीट पाहिल्या पाहिजेत. ज्यांना गाळणे ही जुनी समजूत वाटते त्यांनी नारूचा इतिहास पाहावा. नारूचे अतिसूक्ष्म जंतू पाण्यातील सायक्लॉप्स नावाच्या बारीक जीवाच्या पोटात असतात. असे पाणी न गाळता प्यालेल्या माणसाच्या अंगात सुमारे वर्षभराने हातभर लांबीचा कृमी तयार होतो आणि बहुधा पायावर फोड येऊन बाहेर पडू लागतो. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरण्याची चाल होती तेथे हा रोग पिढ्यानपिढ्या राहिला. महाराष्ट्रही त्यात होता. त्यावर लस निघाली नाही, कृमी मारणारे औषधही नाही. भारतातील शेवटचा रुग्ण 1996 साली राजस्थानात आढळला आणि 2000 साली देश नारूमुक्त ठरला, तो मुख्यतः पाणी गाळल्याने, पायविहिरींचा वापर बदलल्याने आणि सायक्लॉप्सचा नाश करणारे औषध पाण्यात घातल्याने. बांगलादेशातील खेड्यांत जुन्या साडीचे चार पदर करून पाणी गाळावयास शिकविले, तेव्हा पटकीचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले, असे 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. पटकीचे जंतू पाण्यातील बारीक जीवांना चिकटून राहतात आणि ते जीव कापडात अडकतात. जीवांना वाचविण्यासाठी सांगितलेल्या आचाराने माणसांनाही वाचविले.

परंतु नारूच्या कथेत दुसरा अर्धा भाग आहे, आणि माझ्या मते आपल्या उपयोगाचा तोच आहे. सायक्लॉप्सच्या पोटात ते जंतू येतात कोठून? ज्याच्या पायाला फोड आलेला आहे तो माणूस विहिरीच्या पायरीवर उतरतो, दाह शमावा म्हणून पाय पाण्यात बुडवितो, आणि कृमी आपली पिले त्या पाण्यात सोडतो. तो कोणाचे वाईट चिंतीत नाही. त्याला पाय थंड करावयाचा असतो, इतकेच. पुढच्या वर्षी गावातील दहा माणसे अंथरुणाला खिळतात. म्हणून नारूनिर्मूलनात दोन गोष्टी सांगाव्या लागल्या : पिणाऱ्याने गाळून प्यावे, आणि फोड असलेल्याने पाण्यात उतरू नये. आपण पहिली गोष्ट आचार म्हणून सांभाळली. दुसरीचे काय?

आमच्या विहिरीचे असेच झाले होते. यात्रेकरूंची सोय म्हणून आश्रमाने संडास बांधले, त्यांचा खड्डा विहिरीपासून वीस-बावीस फुटांवर, आणि तोही चढाच्या अंगाला. असा खड्डा विहिरीपासून निदान 15 मीटर, म्हणजे पन्नास फूट, दूर असावा, हे आरोग्यखात्याचा साधा कर्मचारीही सांगतो. आम्ही कोणास विचारले नाही. जमिनीच्या भेगांतून मैल्याचे पाणी विहिरीत उतरत राहिले आणि आम्ही वर बसून ते पाणी भक्तिभावाने गाळीत राहिलो. असले रोगजंतू इतके सूक्ष्म असतात की मोकळे वाहात असतील तर कापडाच्या छिद्रातून सहज निसटतात. पाण्यात विरघळलेले विष तर कोणत्याच वस्त्राला अडत नाही.

आता जलसुरक्षकाच्या प्रश्नाकडे वळू. टी. सी. एल. ने जंतू मरतात हे खरे. ते जीव आहेत की नाहीत या वादात मी शिरत नाही. जेथे संशय असेल तेथे अहिंसेने जीव आहे असे धरूनच वागावे. मग तो दोष कोणाचा? पावडर टाकणाऱ्याचा, असे वरवर वाटते. पण त्याने ती टाकण्याची वेळ ज्याने आणली त्याचा वाटा मोठा नव्हे काय? विहीर निर्मळ राखली असती तर हजार लिटर पाण्याला अडीच ग्रॅम पावडर मोजून टाकण्याची पाळी त्या तरुणावर आली नसती. ज्याने पाणी मळविले त्याने एका बाजूला माणसांची पीडा आणि दुसऱ्या बाजूला जंतूंचा नाश असे दोनच मार्ग इतरांसाठी शिल्लक ठेवले. बाबांनी हात धरावयाचा तो संडासाचा खड्डा खणला जात असताना, आणि त्या वेळी मी तेथेच उभा होतो.

यावर कोणी म्हणेल की अजाणता घडलेल्याचा दोष कसा लागावा? हा आक्षेप हलका नाही. अजाणतेपणी घडलेले आणि जाणून केलेले यांत अंतर आहेच. परंतु अज्ञान दोन प्रकारचे असते. एक, जे जाणण्याचा मार्गच नव्हता. दुसरे, जे विचारले असते तर कळले असते. पाणी गाळणाऱ्याने डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत असे धरूनच गाळणे हाती घेतलेले असते. मला दिसले नाही, असे म्हणण्याचा अधिकार निदान त्याला तरी उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक प्रचलित आहे : माझ्या एका घराच्या सांडपाण्याने नदीचे काय बिघडते? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2021 च्या अहवालाप्रमाणे देशातील शहरांतून दररोज सुमारे 72,368 दशलक्ष लिटर सांडपाणी निघत होते आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती ती सुमारे 20,236 दशलक्ष लिटरवर. उरलेले शेवटी नदी, नाला किंवा भूमी यांच्याच पोटात जाणार. त्याच मंडळाने 2022 साली देशात नद्यांचे 311 प्रदूषित पट्टे मोजले. त्यांत सर्वांत अधिक, 55, महाराष्ट्रातील होते. जलप्रदूषण रोखण्याचा केंद्रीय कायदा तर 1974 पासून आहे. त्या 311 पट्ट्यांत एकेका घराचा वाटा शोधू गेल्यास तो सापडणार नाही, आणि सापडत नाही म्हणूनच प्रत्येकजण स्वतःला निर्दोष समजतो. त्यात उन्हाळ्यात नद्या आणि विहिरी उपसून कोरड्या करावयाच्या आणि तेवढीच घाण उरलेल्या थोड्या पाण्यात सोडावयाची, हेही चालूच असते. पाणी जपून वापरणे आणि पाणी शुद्ध ठेवणे ही दोन कामे नाहीत.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. नदीला देवता मानणारे लोक ती स्वतःच पवित्र, तिला काय मळणार, असे समजून तिच्यात सर्व काही सोडतात, अशी टीका आपल्यातील काहीजण करतात. आपल्या विचारात पाणी हे पंचमहाभूतांपैकी एक, प्रपंचात मोडणारे, जड. ते आपले पाप धुवीत नाही आणि आपली घाण पोटात घालून निर्मळही राहात नाही. म्हणजे ती सबबसुद्धा आपल्याला नाही. मग टीका करणाऱ्याने आधी आपल्या आश्रमाची मोरी कोठे जाते ते पाहावे.

त्या दिवशी अखेर पावडर टाकली गेली. बाबांनी त्यानंतर तीन दिवस उपवास केला. तो त्यांनी स्वतःच्या दोषासाठी केला की आमच्या, हे त्यांनी सांगितले नाही. पावसाळ्यापूर्वी तो खड्डा बुजवून उताराच्या बाजूला, विहिरीपासून पुरेसा दूर, नवा खणला. मोरीचे पाणी शोषखड्ड्यात वळविले. दर यात्रेपूर्वी पाण्याचा नमुना तपासणीस जातो. जंतूंचा दोष गेला, परंतु मागील तपासणीत नायट्रेट आढळले, लिटरमागे 45 मिलिग्रॅम या मर्यादेहून अधिक. विहिरीला लागून संत्र्याची बाग आहे. ती आपल्याच एका वासनिकांची. ते रोज पाणी गाळून पितात. युरिया किती टाकता, असे विचारावयास मी त्यांच्याकडे दोनदा गेलो. पहिल्या वेळी त्यांनी चहा पाजून विषय बदलला. दुसऱ्या वेळी मातीची तपासणी करून घेतो म्हणाले, आणि मृगाच्या आत नमुना देण्याचे त्यांनी कबूल केले आहे.